गणपतच्या चाकांचं कुलूप

गाडीच्या दाराला कुलूप सगळेच लावतात, पण चाकाला कुलूप कधी पाहिलंय का तुम्ही? मी पाहिलंय. पासष्ट सालच्या आसपास मी खंडाळ्याला एका बंगल्यावर ड्रायव्हर होतो. शेजारच्या बंगल्यावरचा ड्रायव्हर गणपत त्याच्या शेठची विलायती गाडी चालवायचा. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून तिच्या प्रत्येक चाकाचा एक नट कुलपाचा होता. खास चावीशिवाय तो फिरतच नसे, आणि ती चावी गणपत गळ्यात घालून मिरवायचा. माझ्या अँबॅसिडरकडे कुणी ढुंकून बघत नसे. आमची बायकोसुद्धा म्हणायची, "गणपतभाऊंची गाडी लय भारी!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी लोणावळ्याहून परतत होतो, तर ती विलायती गाडी पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी. आत शेठची सून बाळंतपणाच्या कळांनी विव्हळत होती, बाहेर गणपत रडकुंडीला आलेला.

"चाक बदल की!" मी म्हणालो.

"दोरा तुटून चावी कुटं पडली, काय म्हाईत! बाईंना तू दवाखान्यात ने, बाबा."

मी गाडी वळवली आणि त्यांना लोणावळ्याला पोचवलं. मुलगा झाला, दोघं सुखरूप. शेठनं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

छाती फुगवून घरी आलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे गणपतभाऊ अजून तितंच? उपाशी?"

आणि माझ्यासाठी केलेलं कोंबडीचं कालवण डब्यात भरून तिनं मलाच परत पाठवलं.