दांडी सोडा, काका!

दवाखान्यात परक्यांच्या गप्पा ऐकत बसू नकोस, जिवाला घोर लावून घेशील, असं नणंदेनं तिला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. आज ती बाळाच्या लसीसाठी बसली होती. माणसाला ओढून नेणारा भलामोठा कापडी पतंग घेऊन नवरा पहिल्यांदाच तळ्याकाठच्या मैदानावर गेला होता. आणि शेजारी, हात गळ्यात बांधलेले एक काका तसल्याच पतंगावरून पुतणीशी हुज्जत घालत होते.

“काका, दोऱ्या बांधलेली हातातली दांडी जवळ ओढली की पतंगाचा जोर वाढतो, पुढे ढकलली की उतरतो. शंभरदा सांगितलं!”

“अगं, चाळीस वर्षं सायकल चालवली. थांबायचं म्हणजे ब्रेक ओढून आवळायचा, हे हातांना पाठ झालंय.”

“म्हणून हवेत उचलले गेलात तरी आवळत होतात?”

“थांबेना, म्हणून आणखी आवळलं.”

“आणि आधी पतंग मागे मागे कलंडत होता, तेव्हा?”

“मला वाटलं, लाजतोय.”

“मागच्या दोऱ्या आखडल्या होत्या! मापून घ्या म्हटलं होतं ना?”

“वारा काय मापं होईपर्यंत थांबतो?”

“मी खालून ओरडतेय, सोडा, सोडा! आणि तुम्ही?”

“सोडली की.”

“चप्पल सोडलीत, काका! माझ्या डोक्यात पडली!”

“नेम बघ माझा!”

दोघांची हसून मुरकुंडी वळली. तिलाही हसू आवरेना. हसता हसताच तिनं नवऱ्याला फोन लावला. तो उचलेना, आणि तेवढ्यात बाळाचा नंबर पुकारला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी तळ्याकडे निघालं असेल, तर जरा तिच्या नवऱ्याकडे बघाल का? लाल टोपी, निळा पतंग. तो स्वतः जमिनीवर असला तर उत्तमच. हवेत असला, तर कृपा करून ‘दांडी सोड’ असं पूर्ण ओरडा.