वापस आलेल्या हिरव्या बांगड्या

हॅलो? … हॅलो… हाव, मेहकर. आडतीचं दुकान. गोजरबाई बोलून राह्यली… कोण? निवृत्ती? … अगंबाई, जावईबापू का. दुसरबीडच्या पोस्टातून? … बोला ना… नाही, थांबा, मीच बोलते आधी. तुमच्या आईनं, मनकर्णाबाईनं, हे काय केलं ते सांगा मले.

काय म्हणजे? बांगड्या… माह्या वच्छलाच्या ओटीसाठी हिरवा चुडा धाडला म्या, कासाराच्या डोक्यावर बसून निवडलेला. तो काल एसटीच्या कंडक्टरच्या हातानं वापस आला. … अहो, भाजी वापस करते माणूस, लुगडं वापस करते. पोटुशीचा हिरवा चुडा कोणी वापस करते का?

नाही, मी रागात नाही. मी रागात असती त फोनची गरज पडली नसती, दुसरबीडले तसंच ऐकू गेलं असतं.

थांबा थांबा… तुमच्या मागून कोण बोलते? … कोणीच नाही? मंग ‘सांग तिले, माप लहान आहे’ हे कोण म्हणालं, पोस्टमास्तर? … हं. आईले घेऊन आले. बरं केलं. त्यायले माहा रामराम सांगा. वरच्यावर.

काय म्हणे? … कंजूष? मी? … जावईबापू, तिच्या लग्नातल्या चुड्याचं माप दिलं म्या. तोच कासार, तेच माप. बांगडी काय उन्हात आटते? … हात? हात काऊन वाढन?

… जात नाही म्हणजे? … दोन्ही हाताले? … साबण लावून बी नाही?

… हसू नका. जोडवे कसे आहेत तिचे? … रुतले. बोटात रुतले… आन तोंड? … ‘पुनवेच्या चांदासारखं भरलं.’ कोण म्हणते? … आई म्हणते. बरं. सकाळी उठली का पापण्या कशा राह्यतात? … हं. … हं.

अहो, ऐकता का… तुम्ही नाही जावईबापू, मी आमच्या यायले बोलते. अहो, तो तराजूचा काटा सोडा आन इकडे पाहा. समोरच्या नारायणरावाले म्हणा, जीप काढा. दुसरबीडले. … कशाले ते मंग सांगते. म्हणा, गोजरबाईनं सांगितलं. तेवढ्यानं निघतीन ते.

हॅलो… हाव, आहे मी. आता मले खरं सांगा, आईच्या तोंडाकडे पाहू नका. वच्छलाचं डोकं दुखते का? … परवापासून. थांबतच नाही. … आन डोळ्यापुढं काही? … काजवे. भर दुपारी काजवे. … म्हणून भगत बोलावला. तुमच्या घरी मांजर शिंकली तरी भगत. त्यानं काय केलं? … लिंबू उतरवलं. काजवे गेले का? … नाही ना? सरबत केलं असतं त लिंबू कामी तरी आलं असतं.

पोटात वरच्या अंगाले, बरगडीखाली दुखते का? … ‘जेवण पचत नाही’ म्हणते. बरं. लघवीले जाते का नीट? … लाजू नका, बाप होऊन राह्यले तुम्ही. … कमी झाली. हं.

… कोण? … ऑपरेटर बाई, कॉल वाढवा ना माय. … हाव, माहीच पोरगी. … तुम्ही सारं ऐकून राह्यल्या? चांगलं झालं, साक्षीदार भेटला. फक्त तोडू नका.

जावईबापू, फोन आईच्या हाती द्या. … बोलत नाहीत? कंजुषाशी बोलत नाहीत. असं करा, त्यायले सांगा, गोजरबाई माफी मांगते. … हं, पाहा, आल्या लगेच.

रामराम विहीणबाई… हॅलो? … उलटा धरला तुम्ही. कानाचं कानाले लावा… हं. रामराम. … माफी मांगते ना, पळून नाही जात मी, आधी दुसरं बोलू. … हाव, ऐकलं. तुमच्या घरचं दूध-तूप खाऊन पोरीवर तेज चढलं. आमच्या घरून काटकी आली होती, हाव. बरं, तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला का कधी? … पाय चेपता चेपता पाहिला. मंग? … खड्डा पडते. आन लौकर भरत नाही. विहीणबाई, तुपाचा खड्डा राह्यते का कधी? पाणी आहे ते. सूज आहे. रक्ताचा दाब चढला तिचा.

… दाब म्हणजे, तुम्ही घरात सगळ्यायवर ठेवता तो नाही. अंगातल्या रक्ताचा. तोंड पाहून नाही समजत तो, दंडाले पट्टा बांधून मोजा लागते.

… मले कसं माहीत? … माही धाकटी जाऊ होती, अंबूबाई. तुम्ही नाही पाहिली तिले. असंच तोंड भरलं होतं. साऱ्या गल्लीनं म्हटलं, पोरगा होते, तेज पाहा. डोकं धरून बसे. काजवे दिसत. आम्ही म्हटलं, नजर. मंग एका दुपारी चुलीपुढं झटके आले तिले. फेफरं म्हणून चप्पल हुंगवली, कांदा फोडला. … नाही. नाही वाचली. पोर बी नाही.

… मंग इथल्या दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई म्हणाल्या, काजवे दिसले त्याच दिवशी आणली असती त सुई होती, औषध होतं. … विहीणबाई? नाक ओढून राह्यल्या काय? डोळे पुसा, पोस्टात लोक पाहतीन, म्हणतीन, मनकर्णाबाई रडते. कोणाले खरं बी वाटणार नाही.

आता कामाचं. जीप निघून राह्यली… अहो, निघाली का ती? … निघाली. … दवाखान्यात, दुसरीकडे कुठं? मेहकरच्या दवाखान्यात. … हाव, आठवा आहे. आठव्यात बाईनं गावची शीव ओलांडू नये, मले नका शिकवू, मीच लोकायले शिकवते. … ऐका ना… ऐका. तुमच्या शिवेवरची मूठभर माती घ्या. वच्छलाच्या पदराले गाठ मारा. झालं. शीव तिच्या पदरात. आता ते जीपमध्ये बसो का विमानात, शीव ओलांडली कुठं? शीवच सोबत चालली.

… कोणत्या शास्त्रात म्हणजे? माह्या. … विचारा तुमच्या भगताले. हाव म्हणन तो, लिंबाच्या वरची गोष्ट आहे ही.

… माहेरी नाही नेत मी. दवाखाना काय माहेर आहे तिचं? … आन पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, हे बी खरं. मेहकर माहेरच आहे तिचं. तुम्हाले माहेर पाहिजे त माहेर, नाही पाहिजे त नाही.

… कापा ना जोडवे. … हं? सवाष्णीचे जोडवे कापले त नवऱ्यावर येते? नवरा तुमच्या बाजूले उभा आहे खांबासारखा. … बरं, राहू द्या. तेल लावून निघाले त काढा, नाही त तसेच आणा. डाक्टरीणबाई पाहतीन. पण जोडव्यासाठी जीप खोळंबली त मी तिथं येऊन कापीन, आन बोटाची हमी देणार नाही.

… मीठ तोडलं तिचं? कोणी सांगितलं? … भगतानं. मिठानं उतरत असतं त दवाखाने बंद पडले असते. काढा नका देऊ, घरगुती काही नका करू. खोलीत अंधार करा, तिले डाव्या कुशीवर निजवा, आन जीप येईलोक दोघायपैकी एक जण तिच्याजवळच बसा. देव न करो, झटका आलाच त कुशीवर वळवून धरा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. चप्पल त बिलकुल नाही. लयच हात शिवशिवले त भगताले हुंगवा.

… सोबत? तुम्हीच या ना. … पुढं बसा, डायवरच्या बाजूले. वच्छला मागं, डोकं निवृत्तीच्या मांडीवर. … लाजते काय तो? तिले आठव्यालोक आणलं तेव्हा नाही लाजला. … हाव, पुढंच बसा तुम्ही. तुमची शेजारीण मंजुळाबाई, तिच्या दारावरूनच जाते ना सडक? … तिच्या दारात कधी जीप उभी राह्यली? … तेच म्हटलं. पाहीन ना मंग ते, जळन बी. पण लुगडं बदलत बसू नका. आहे त्याच लुगड्यात जळते मंजुळाबाई.

… हाव. लौकर बी मोकळी करा लागन कदाचित. डाक्टरीणबाई म्हणतीन तसं. … लहान होईल पोर, हाव. लहान पोर मोठं होते, विहीणबाई. गेलेली बाई वापस येत नाही कंडक्टरच्या हातानं.

… मी? मी आताच दवाखान्यात जाते, डाक्टरीणबाईले सांगून ठेवते. जीप येईलोक पायरीवरच बसून राह्यते.

… झालं ऑपरेटर बाई, झालं, एवढं एक बोलू द्या… काय म्हणता विहीणबाई? … माफी. हाव, राह्यलीच होती ते. तुमचं बी ध्यान बारीक आहे.

ऐका मंग. ऑपरेटर बाई, तुम्ही बी ऐका. माफी मी मांगत नाही. माप बरोबर होतं. चुडा माह्या पेटीत ठेवला आहे, सूज उतरली का तोच चुडा त्याच हातात जाईल, आन भरायले तुम्हाले बोलावीन. पण तुम्ही तो वापस धाडला नसता त मले काही समजलं नसतं. तुम्ही माहा अपमान करायले गेल्या आन हातून पुण्य घडलं. अशी विहीण साऱ्या बुलढाण्यात नाही.

… खुश नका होऊ, अजून झालं नाही माहं. मनकर्णाबाई, तुम्ही दिलाच्या वाईट नाही. तुम्हाले फक्त सूज कोणती आन तेज कोणतं, हे समजत नाही… सुनेच्या अंगावरचं बी, आन सोताच्या बी. ठेवा आता फोन, शिवेवर जा. माती आणायची आहे.