वेदीपुढची कमान

‘देवापुढे आलीस की मनातलं बोलून टाक गं,’ असं आत्या फार पूर्वी म्हणायची. ओहायोतल्या मक्याच्या शेतांमधलं जुनं दगडी चर्च बघायला रांगेत उभ्या असलेल्या नीलाला ते आठवलं, कारण पुढच्या बापलेकीचं मराठीत बोलणं चाललं होतं.

“सई, चपला कुठे काढायच्या?”

“बाबा, इथे नाही काढत. चला आत.”

“अरे बापरे, भिंती केवढ्या जाड!”

“दगडी छताचा भार आहे ना. म्हणून खिडक्याही लहान.”

“आणि ही वेदीपुढची गोल कमान? दोन्ही हात पसरले तरी उरतेय. तू काहीतरी सांगणार होतीस ना?”

“नंतर. हात खाली घ्या, लोक बघतायत.”

“बघू देत. बोल.”

“बाबा, मला आणि डॅनियलला इथे लग्न करायचंय.”

“त्याने विचारलंय मला. अंतरपाट मावेल का, तेच मोजतोय.”