दुधातलं तांबं

—नाही, उभ्या नका राहू, स्टुलावर बसा. दवाखान्यातून चौकशीला आलात, नातवाच्या लिव्हरमध्ये तांबं सापडलं म्हणून, कळलं मला. सुनेला काय विचारताय? तिचा जबडा बांधलाय, नळीनं पेज पिते ती. मला विचारा.

माझ्या मुलानं मारलं, खोटं कशाला बोलू. आमचा धंदा तांबं वितळवायचा. बाळंत होऊन महिना झाला नाही तोच सून परत कामाला बसली, बोटं हिरवी व्हायची तिची. पोर किरकिरं, अंग धरेना — आणि माझ्या मुलाच्या डोक्यात बसलं की हिच्या अंगातलं तांबं दुधात उतरतंय. ती म्हणाली, तसं काही नाही. त्यानं केसांना धरून भिंतीवर आपटलं तिला, कपाळ फुटेपर्यंत. मग छाती आवळून बांधली, दूध आटावं म्हणून. तिचे हात कोणी धरले? मीच धरले. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, फडक्यातून दूध गळत होतं आणि शेजारी पोर भुकेनं किंचाळत होतं — तरी नाही सोडले मी.

मग पोराला वरचं दूध सुरू केलं. सहा महिन्यांत पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तुम्ही तांबं सांगितलंत. झालं — घरी येऊन त्यानं हातोडा उचलला. "तुझंच दूध हे," म्हणाला. दांड्याचे दोनच फटके दिले, जबड्यावर. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

काल तुमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आईनं तांबं किती खाल्लं, किती हाताळलं, त्यावर दूध ठरत नाही. छातीतल्या पेशी रक्तातून तांबं ओढतात आणि बेतानंच दुधात सोडतात — पहिल्या दिवसांत जास्त, मग कमी कमी. तिचं दूध चांगलंच होतं हो. मग विचारलं, वरचं दूध कशात तापवता?

काय सांगणार? तांब्याच्या पातेल्यात. आतली कल्हई कधीच उडालेली. सकाळी तापवायचं, दिवसभर त्यातच ठेवायचं — मीच. सून म्हणाली होती एकदा, दुधाला वास येतोय, स्टीलचं घ्या. मी म्हटलं, छाती आटलेल्यांनी मला शिकवू नये.

मुलाला? नाही सांगितलं. बाप असाच होता त्याचा — ही बघा, ही दोन बोटं वळत नाहीत माझी. पोर वाचेल म्हणताय ना तुम्ही? मग झालं की. सुनेचं काय — तिनं मार खाल्लाच आहे, तो काही परत घेता येत नाही.

पातेलं कशाला हवंय? नाहीये ते. सकाळी भंगारात सरकवलं मी, त्यानंच भट्टीत टाकलं, बघितलंसुद्धा नाही. उठा आता, त्याची जेवायला यायची वेळ झाली. आणि मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही.