टाकीचा कॉक आणि माझा हात

...म्हणजे पाचशे लिटर तेल घराच्या भिंतीला टेकून ठेवायचं, बोटाएवढ्या तांब्याच्या नळीतून ते तळघरात आणायचं, तिथे एका लोखंडी डब्यात त्याला आग लावायची आणि वर आपण निवांत चहा प्यायचा, आणि हा फिटर मला सांगतो, "काका, काही होत नाही." तुम्हाला सांगतो, मला जेव्हा जेव्हा कुणी "काही होत नाही" म्हटलंय त्या प्रत्येक वेळी काहीतरी झालंय... दाढ काढणारा हेच म्हणाला होता, पोहायला ढकलणारा मामाही हेच म्हणाला होता.

पण करता काय? आई महिनाभर हॉस्पिटलात, न्यूमोनिया, आज चार वाजता घरी येणार. डॉक्टरांनी बजावलंय, खोली गरम हवी, पुन्हा गारठा लागला तर माझ्या हातात काही नाही. आणि घरात बोललं की तोंडातून वाफ येतेय. म्हणून हा बर्नर.

फिटरने सकाळीच नळी टाकली, मध्ये गाळणी बसवली, टाकीपाशी तेल बंद-चालू करायला लाल दांड्याचा कॉक. मग बटण दाखवून म्हणाला, "हे एकदाच दाबायचं. पेटलं नाही म्हणून दाबत बसलात तर आत तेल साचतं." म्हटलं, साचलं तर? "मग पेटलं की एकदम पेटतं." एकदम म्हणजे? "काही होत नाही, जरा आवाज होतो." आता जरा म्हणजे किती, आणि तो ऐकायला आपण उरतो का, हे विचारायचं कुणाला?

म्हटलं, मी बाहेर टाकीपाशी थांबतो. लक्ष ठेवायला. तळघराच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. नळीतली हवा काढायला त्याने बर्नरच्या पंपाचा स्क्रू ढिला केला, खाली धरलेल्या बरणीत आधी फेस आला, मग स्वच्छ तेल, स्क्रू आवळला आणि ओरडला, "काका, पेटवतो हं." भक्... दहा आकडे मोजेपर्यंत चालला, मग पंप केकाटला आणि सगळं थंड. "पंप तेल ओढत नाहीये, नळीत कुठूनतरी हवा शिरतेय." सगळे सांधे उघडले, आवळले, दोन वाजले. पुन्हा बरणी, पुन्हा फेस, "काका, पेटवतो हं," भक्, केकाटला, थंड. तीन वाजून गेले. फिटरला त्या थंडीत घाम. म्हणाला, "वीस वर्षांत अशी नळी पाहिली नाही. आता शेवटचं दाबतो, जास्त दाबलं तर आत तेल साचेल."

साचेल. ऐकलंत ना?

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन बाहेर आली. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचा हात कुठंय?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं... हात कॉकवर होता. "पेटवतो हं" ऐकलं की तो आपोआप जायचा आणि कॉक बंद करायचा. आवाज थांबला की मी पुन्हा उघडून ठेवायचो, होता तसा. आईसाठी माझा जीव तुटत होता हो, पण हाताला ते कोण समजावणार?

हिने फिटरकडून पाना मागून घेतला, उघड्या कॉकचा दांडा काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "आता पेटवा." पेटला. घुर्र करत चालूच राहिला. फिटर माझ्याकडे न बघता सामान आवरून गेला.

चारला आई आली. खोली छान तापलेली. म्हणाली, "एवढी ऊब कुणी केली रे?" ही म्हणाली, "तुमच्या लेकाने. दुपारभर टाकीपाशी उभे होते." माझी मान खाली. आईने माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले तिचे. "किती थरथरतोयस रे बाळा... गारठलास माझ्यापायी. जा, तो बर्नर थोडा वाढव."

वाढवायचं चाक खाली आहे. तळघरात. बर्नरच्या अंगावरच. निघालोय... काही होत नाही म्हणे.