डाव्या डोळ्याचा कागद

दादासो : आन ह्यो खालचा शब्द कंचा? 'अनफिट' मला कळतंय, चोवीस वर्सं पलटणीत काढल्यात. त्याच्या म्होरं काय लिवलंय?

राजेश्वरी : स्क्विंट.

दादासो : म्हंजी?

राजेश्वरी : तिरळेपणा, आबा. माझा डावा डोळा नाकाकडं बघतो ना, त्याचं नाव आहे ते. त्याच्यामुळं भरतीत घेत नाहीत.

दादासो : येवढ्यावरनं? पळण्यात कितवी आलीस?

राजेश्वरी : तिसरी. लेखी पण निघाली होती. मेडिकलला डॉक्टरबाईंनी उजवा डोळा झाकायला लावला आणि म्हणाल्या, समोरचं वाच. मी म्हटलं, तक्ता कुठं आहे? त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

दादासो : लांब लावला आसंल.

राजेश्वरी : वीस फुटांवर होता. आपल्या उंबऱ्यापासनं गोठा आहे ना, तेवढा.

दादासो : आता ही काय तऱ्हा झाली. आगं, मी जवानांस्नी फायरिंग शिकवलंय. डावा डोळा मिटूनच तर नेम धरायचा आसतोय. त्यो डोळा तसाबी कामाचा न्हवंच. सांगायचं न्हाई व्हय त्या बाईला?

राजेश्वरी : काय सांगणार? त्यांनी भाजीच्या यादीत मीठ लिहावं तसा तो शब्द लिहिला आणि पुढच्या पोरीला हाक मारली. पाठीमागं अजून साठजणी उभ्या होत्या.

दादासो : आन तुला आजवर कळलं न्हाई? डोळ्याला दिसत न्हाई म्हंजी कळतंय की मानसाला.

राजेश्वरी : दोन्ही उघडे ठेवले की सगळं दिसतं, आबा. एक झाकून कोण बघत बसतंय? सुईत दोरा मला कधी ओवता यायचा नाही, आई म्हणायची धांदरट आहे. मला पण तेच वाटायचं.

दादासो : अपील करायचं. मी सुभेदारसायबाला फोन लावतो. रिटायर झाला म्हून काय झालं, वळक हाय त्याची.

राजेश्वरी : करता येतं अपील. मी विचारलं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन करून डोळा सरळ होईल, पण नजर येणार नाही. एक डोळा वाकडं बघायला लागला की मेंदू हळूहळू त्याचं ऐकणंच सोडून देतो. सहा-सात वर्षांच्या आत उपाय केला तर वाचतो. मी विसाव्या वर्षी गेले. बैल गेला आणि झोपा केला.

दादासो : तसं बोलू न्हाई, पोरी.

राजेश्वरी : मी रागानं नाही बोलत. साताऱ्याहून येताना यष्टीत तो शब्द मोबाईलवर बघितला. दोन अर्थ आहेत. उन्हात आपण डोळे बारीक करून बघतो, त्याला पण तोच शब्द. दुसरा अर्थ हा. वाक्यात कसा वापरायचा तेही दिलंय. 'त्या मुलीच्या डोळ्यात तिरळेपणा आहे.' त्या मुलीला खोकला आहे, म्हणतो ना आपण, तसं.

दादासो : आपल्यात लक्ष्मीची नजर म्हंत्यात त्याला.

राजेश्वरी : तुमी म्हणता. शाळेत मला चकणी म्हणायचे. तुमी एकाच्या दारात काठी घेऊन गेलात, तेव्हापासून गावानं चकणी म्हणणं सोडलं आणि शुभ म्हणून नारळ ठेवायला बोलवायला लागलं. कुणाचा बोअर, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची उसाची लागण. खरं सांगू का, आबा? हा शब्द मला बरा वाटला. त्यात शिवी नाही आणि शकुन पण नाही. नुसतं दुखणं आहे.

क्रांती : वन्सं, चहा घ्या. आबा, तुमच्यात साखर कमी टाकलीये.

दादासो : क्रांते, नवऱ्याचा फोन आलता का? भनीचं सांगितलंस यशराजला?

क्रांती : सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, मी सुट्टीवर येतो तेव्हा बघू काय करता येतंय. मग मी आमच्या पोरीचं, मयूरीचं विचारलं.

दादासो : मयूरीचं काय?

क्रांती : उद्या आठ वाजता नानासोंची गाडी येणार आहे ना तिला न्यायला. बोअरच्या जागेवर तिच्या हातानं नारळ ठेवायचाय. यशराज म्हणाले, आबांना विचार. म्हणून विचारतेय.

दादासो : त्यात इचारायचं काय? नानासोचं दोन बोअर कोरडं गेलं. तिसऱ्याला पोरीचा हात लागावा म्हून मानूस दोनदा येऊन गेला. तीन वर्साची हाय, तिला काय वजं उचलायचंय?

क्रांती : मी तिला उद्या मिरजेला नेणार आहे. डोळ्याच्या दवाखान्यात.

दादासो : उद्याच?

क्रांती : वन्संचं ऐकल्यापासून मला घास जात नाहीये, आबा. तिचाही डावाच आहे. अगदी आत्याचा डोळा उचलून लावल्यासारखा. आपण सगळे कौतुक करत बसलो. मीसुद्धा केलं. वाईला माहेरी गेले की आई म्हणायची, डॉक्टरला दाखव, आणि मी म्हणायचे, आमच्या सासरी हे चांगलं मानतात.

दादासो : मग दाखव की. न्हाई कोन म्हनतंय? नारळ ठिवायचा, दुपारच्या गाडीनं जायाचं. नाहीतर सोमवारी जा. दवाखाना काय पळून चाललाय का?

क्रांती : सोमवार म्हणजे मग पुढचा सोमवार. बोअरला पाणी लागलं तर आणखी चारजण येतील. मग कुणी म्हणेल, हंगाम होऊ दे, कुणी म्हणेल, घर बांधून होऊ दे. तुम्ही हो म्हणालात तरी मी नाही पाठवणार. लग्न होऊन पाच वर्षं झाली, मी तुमच्यापुढं कधी तोंड उघडलं नाही.

दादासो : आता उघडलंस की.

क्रांती : हो. आणि आणखी एक आहे. तुमचा पेन्शनचा हयातीचा दाखला भरायचाय म्हणून काल तुमची ट्रंक उघडली. पेन्शनच्या फायलीत हा कागद होता.

राजेश्वरी : कसला कागद आहे?

क्रांती : तुमचाच आहे, वन्सं. अंगणवाडीत डोळे तपासायचं शिबिर झालं होतं, त्याची चिठ्ठी. 'राजेश्वरी, वय वर्षे पाच.' खाली इंग्रजीत एकच शब्द आहे आणि त्याच्या खाली मराठीत, 'मिरजेला दाखवावे, सहा वर्षांच्या आत.' त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

राजेश्वरी : बघू. तोच शब्द आहे. ह्या शिबिरातल्या बाईंचं अक्षर चांगलं होतं.

क्रांती : आबा, आत्ता तुम्ही अर्थ विचारत होतात.

दादासो : इचारला.

राजेश्वरी : तुमाला माहीत होता का?

दादासो : हुता. त्या बाईनं समजावून सांगितलावता मला. मला वाटलं, ह्या येळंला डाक्टरनं येगळंच काय तरी लिवलं आसंल. उंची म्हना, वजन म्हना. म्हून इचारलं, आन शब्द त्योच निघाला तवा ठावं नसल्यावानी केलं.

राजेश्वरी : मग मला नेलं का नाही?

दादासो : न्हेलं हुतं.

राजेश्वरी : कधी?

दादासो : त्याच महिन्यात. सकाळच्या गाडीनं गेलो मिरजेला. एक्केचाळीस नंबर मिळाला. तू मांडीवर बसलीवतीस, निळा झगा घालून. माज्या शेजारी येक बाई, तिच्या पोराचं ऑपरेशन झाल्यालं. मी तिला इचारलं, सरळ झाला का डोळा? म्हनली, झाला, कुणाला सांगून पटायचं न्हाई असा झालाय. तवाच माजा इचार फिरला.

क्रांती : सरळ झाला म्हणून विचार फिरला?

दादासो : आगं, तवाच्या उन्हाळ्यात वरच्या रानात तीन बोअर मारलं, तिनीत फुफाटा निघाला. चौथ्याला हिच्या हातानं नारळ ठिवला आन एकशेऐंशी फुटाला पानी लागलं. साऱ्या गावानं बघितलंय. समदा ऊस त्याच पान्यावर उभा हुता. माज्या मनात आलं, डोळा सरळ झाला आन पानी गेलं तर काय करायचं? बत्तीसला हाक मारली तवाच उठलो. आपला नंबर यायच्या आधी.

राजेश्वरी : मिरज मला आठवतंय. मला बाहुली घेतली होती तुमी. पिवळ्या केसांची. झोपवली की डोळे मिटायची.

दादासो : घेतलीवती.

राजेश्वरी : मी वर्षभर सगळ्यांना सांगायचे, आबांनी मला बाहुलीसाठी मिरजेला नेलं. मला खरंच वाटायचं आपण त्याच्यासाठी गेलो होतो.

दादासो : मला वाटलं, नुसतं दिसन्याचं हाय. वाकडा दिसतोय, दिसू दे. लगीन जमंना तर हुंडा दिऊ. आतनं नजर जातीय हे मला ठावं न्हवतं, राजू.

राजेश्वरी : त्या बाईंनी सांगितलं असेल. दोन रेघा उगीच नाही मारल्या.

दादासो : सांगितलं आसंल. मी ऐकलं न्हाई.

क्रांती : मग चिठ्ठी का ठेवलीत? फाडून टाकायची होती.

दादासो : फाडायला हात झाला न्हाई. दर नोव्हेंबरला फाईल काढायची, बघायची, परत ठिवायची. तुजी सहा वर्सं उलटली तवा वाटलं, चला, आता काय इलाजच न्हाई. सुटलो म्हटलं. सुटतंय व्हय मानूस तसं?

राजेश्वरी : आणि बोअर? त्याचं पाणी पुरलं ना?

दादासो : न्हाई.

क्रांती : नाही म्हणजे? वरच्या रानातला ऊस तर चांगला आहे.

दादासो : चार वर्सांत आटला. मोटर हवा ओढाय लागली. आता कॅनॉलचं पानी घेतोय मी, पाइप मातीखालनं आनलीय. गावाला वाटतंय बोअरच चालू हाय.

राजेश्वरी : म्हणजे मी नववी-दहावीत असताना जे नारळ ठेवत फिरत होते, तेव्हा आपला आटलेला होता.

दादासो : व्हय. आन तुजा डोळा तवाबी तिरवाच हुता. मी काय सांगनार लोकांस्नी? लोकं तुला पाटावर बसवायची, साडीचोळी द्यायची. मी आडवं कसं पडू? तुला चकणी म्हनन्यापरीस बरं हाय म्हटलं.

राजेश्वरी : ते मात्र खरं आहे. पाटावर बसायला मला आवडायचं.

दादासो : तू रागव तरी, पोरी. शिव्या दे मला.

राजेश्वरी : राग आहे, आबा. पण तो काढायला बसले तर उद्याची गाडी चुकेल. आधी नानासोंचं काय करायचं ते सांगा. त्यांची गाडी आठला येणार.

क्रांती : मी सहाच्या यष्टीनं निघते. ते आले की सांगा, पोरगी घरात नाही.

दादासो : तसं नगं. चोरावानी कशाला जायाचं? मोबाईल दे हिकडं. नानासोचं नाव काढून दे, मला बारीक दिसत न्हाई.

(फोन लावतो.)

दादासो : हां, नानासो? दादासो बोलतोय. जेवला का? ... आरं, उद्याच्या गाडीचं राहू दे. पोरगी यायची न्हाई. ... आजारी न्हाई. डोळ्याच्या दवाखान्यात न्हेतोय. ... व्हय, त्योच डोळा. सरळ करून आननार. ... आरं ऐक की गड्या. माज्या वरच्या रानातला बोअर आटलाय. ... आज न्हवं, हुन धा-अकरा वर्सं झाली. ... कॅनॉलचं हाय ते पानी. ... सांगितलं न्हाई, चुकलं माजं. पोरीच्या डोळ्यानं पानी लागत न्हाई, नानासो. लागलंच तर तुज्या नशिबानं लागंल, न्हाई लागलं तर खडक हाय खाली. ... गावाला सांग, सांग की. मी न्हाई कुठं म्हनतोय? ... बरं. ठिव.

क्रांती : काय म्हणाले?

दादासो : म्हनला, मग आजवर आमी पाया कुनाच्या पडलो?

राजेश्वरी : उद्या सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल.

दादासो : सकाळ कशाला? आताच पारावर गेला आसंल. हसू दे. क्रांते, सहाच्या गाडीला मीबी येतो. जुना कागुद घे, हिचा नवा कागुदबी घे. डाक्टरला दोन्ही दाखवायचं. येकाच घरातलं हाय म्हनावं.

राजेश्वरी : मी पण येते. मला विचारायचंय काय काय करतात ते. चष्मा देतील बहुतेक, आणि पट्टी बांधायला सांगतील.

दादासो : पट्टी कंच्या डोळ्यावर? वाकड्या?

राजेश्वरी : चांगल्या.

दादासो : चांगल्या डोळ्यावर? मग पोरीला दिसायचं कसं?

राजेश्वरी : कमीच दिसणार. चांगला झाकला की वाकड्याला कामाला लागावं लागतं. मेडिकलच्या बाई म्हणाल्या, रोज थोडे तास, असं कितीतरी महिने. पोरं रडतात, ठेचकाळतात, पट्टी ओढून काढतात. कुणीतरी सारखं जवळ लागतं.

क्रांती : सकाळी मला धारा असतात, मग डेअरी. दुपारी बघेन मी.

दादासो : तुमी तुमची कामं करा. मला काय काम हाय? हिला साऱ्या शिवारातनं हात धरून नारळाला फिरवलीय, मयूरीला दारातल्या दारात फिरवाय येत न्हाई व्हय मला? रडली तर रडंल. मी काय आता उठनार न्हाई.

क्रांती : ती तुमचं ऐकते, आबा. माझं नाही ऐकत.

दादासो : उद्या तिला बाजारातनं काय तरी घीऊ. दवाखान्याच्या दारातच हुतं ते दुकान, आजून आसंल. बाहुली घिऊ या का, राजू?

राजेश्वरी : घ्या की. पण नंबर लागून गेल्यावर.