पुंडलिकचा एक्का

आमच्या पुंडलिकइतका लबाड पत्तेवाला अख्ख्या अमरावतीत नव्हता, आणि त्याच्याइतकं हरतही कोणी नव्हतं. साठ-एकसष्टची गोष्ट. दर रविवारी राजापेठेत माझ्या घरी तीन पत्ती चाले. हरणाऱ्यानं पुढच्या रविवारी संत्री आणायची. पुंडलिक मांडीखाली एक्का दाबून बसे. आम्हा तिघांना ते ठाऊक होतं, पण कोणी चकार शब्द काढत नसे.

एकदा बायको चहा घेऊन आली.

"भाऊजी, मांडी उचला. एक्क्यावर चहा सांडन."

पुंडलिक चपापला. "वहिनी, तुमाले कसा दिसला?"

"तुमच्या मांगच्या आरशात."

त्यानं मान वळवली. कपाटाच्या आरशात त्याच्या हातातले तिन्ही पत्ते लख्ख दिसत होते. आम्ही तिघं चहा फुंकू लागलो.

"तरीच म्हणतो," पुंडलिक ओरडला, "एक्का दाबूनबी दर रविवारी संत्री मीच काहून आणून राहिलो!"